खापरपणजीची वाट

१९०६ साली पोर्ट ब्लेअरमध्ये दोन घटना घडल्या. सेल्युलर जेलचं बांधकाम त्या वर्षी पूर्ण झालं, आणि त्याच वर्षी केंब्रिजमध्ये शिकलेला पंचविशीतला एक मानववंशशास्त्रज्ञ अंदमानात दाखल झाला. त्या तुरुंगाची कहाणी मराठी घराघरांत पोचली. या तरुणाचं काम मात्र अभ्यासकांपुरतंच राहिलं. त्याचं नाव अल्फ्रेड ब्राऊन. पुढे रॅडक्लिफ-ब्राऊन या नावाने तो मोठा झाला. १९०८ पर्यंत तो बेटांवर होता. तो ज्यांच्यात वावरला ते ग्रेट अंदमानी लोक तोवर विरत चालले होते. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा हे लोक काही हजार होते. त्यानंतर बाहेरून आलेले रोग त्यांच्यात पसरले आणि १८७७ च्या गोवराच्या साथीने वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. ब्राऊनने उरलेल्यांच्या कथा, नातीगोती, विधी टिपून घेतले, आणि सोबत त्यांच्या केसांचे नमुनेही गोळा केले.

ते केस केंब्रिजच्या डकवर्थ संग्रहात जाऊन पडले. ज्यांचे ते होते त्यांना काय वाटलं असेल, हे विचारायची त्या काळच्या शास्त्रात रीत नव्हती, आणि हे आजही मनाला लागतं. जवळजवळ शंभर वर्षांनी त्या केसांतून डीएनए काढण्यात आला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले कुमारस्वामी थंगराज, लालजी सिंग आणि त्यांचे सहकारी हयात असलेल्या ओंगी, जारवा आणि ग्रेट अंदमानी लोकांचाही अभ्यास करत होते. २००३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. केस शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा असो की रक्त आजच्या माणसाचं, आईकडून आलेला धागा एकाच घराण्याचा निघाला. शास्त्रज्ञांनी त्या घराण्याला नाव दिलं आहे ‘एम’.

हा लेख या एम घराण्याचा आहे. इथिओपियापासून जपानपर्यंत आणि अंदमानपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्याच्या लेकी पसरल्या आहेत. भारतात तर दहांतल्या सुमारे सहा माणसांचा मातृवंश एमचाच आहे. हे वाचणाऱ्या बहुतेकांची आईच्या आईच्या आईची ओळ मागे मागे नेली तर ती त्याच एका स्त्रीपाशी पोचेल.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत घराणं बापाकडून मुलाकडे चालतं. जुन्या पोथ्यांमध्ये मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथेच संपते. तिच्या लेकीचं, नातीचं नाव शोधायचं झालं तर दुसऱ्या कुळाच्या वहीत जावं लागतं, आणि तिथेही ते सापडेलच असं नाही. पेशीमध्ये मात्र एक नोंद अशी आहे जी फक्त आईकडूनच चालते. आपल्या डीएनएचा बहुतेक साठा पेशीच्या केंद्रकात असतो, तीन अब्ज अक्षरांचा, आणि तो आईबाप दोघांकडून येतो. केंद्रकाच्या बाहेर मायटोकाँड्रिया नावाचे सूक्ष्म कण असतात. पेशीला लागणारी ऊर्जा त्यांच्यात तयार होते, आणि त्यांच्याजवळ स्वतःचा डीएनए असतो: लहानसा, वर्तुळाकार, १६,५६९ अक्षरांचा. गर्भ तयार होताना बापाकडून आलेले हे कण नष्ट होतात आणि आईचे तेवढे उरतात. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही ते आईकडून मिळतात, पण पुढे देते ती फक्त मुलगी. आपल्या समाजात मुलगा नसला की वंश बुडाला म्हणतात. या हिशोबात तो मुलगी नसली की बुडतो.

ही नोंद पिढ्यान् पिढ्या जशीच्या तशी उतरत जाते, पण कधीतरी एखादं अक्षर बदलतं. पूर्ण डीएनए धरला तर एका ओळीत सरासरी साडेतीन हजार वर्षांना एक बदल पडतो. बदल एकदा झाला की त्या स्त्रीच्या सगळ्या लेकी-नातींमध्ये तो राहतो. म्हणून दोन माणसांमधले बदल मोजले की त्यांच्या मातृवंशांची ताटातूट किती काळापूर्वी झाली याचा अंदाज बांधता येतो. शिवाय एका पेशीत या डीएनएच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात. त्यामुळे केंद्रकातला डीएनए नासून गेलेल्या हाडांत, दातांत, केसांतही हा पुष्कळदा सापडतो.

त्याची अक्षरमाला पहिल्यांदा पूर्ण वाचली गेली १९८१ मध्ये, केंब्रिजमध्येच. १ जानेवारी १९८७ च्या ‘नेचर’मध्ये बर्कलेच्या रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांचा निबंध आला. वेगवेगळ्या खंडांतल्या पूर्वजांच्या १४७ जणांचा मायटोकाँड्रियल डीएनए त्यांनी तपासला होता. त्यासाठी बहुतेक नमुने बाळंतपणानंतर मिळालेल्या वारेतून घेतले होते. सगळ्यांच्या मातृवंशाचं झाड मांडल्यावर त्याचं मूळ आफ्रिकेत निघालं, सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीचं. वर्तमानपत्रांनी त्या मूळ स्त्रीला ‘ईव्ह’ म्हटलं आणि तिथून एक गैरसमज रुजला, की तेव्हा पृथ्वीवर ती एकटीच स्त्री होती. तिच्या काळी हजारो स्त्रिया होत्या. त्यांचं रक्त आपल्यात आहेच. फक्त त्यांच्या आई-मुलीच्या ओळी कुठे ना कुठे तुटल्या आणि तिची तुटली नाही. त्या झाडाच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. पण २००० साली ५३ जणांचे पूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम वाचले गेले, तेव्हाही मूळ आफ्रिकेतच सापडलं.

झाडाच्या फांद्यांना रोमन अक्षरं देण्यात आली. आफ्रिकेतल्या मुख्य फांद्या ‘एल’च्या. त्यांपैकी एल३ या फांदीच्या दोनच लेकी आफ्रिकेबाहेरच्या साऱ्या जगाच्या आया झाल्या, एम आणि एन. एल३ मध्ये चार ठिकाणी अक्षर बदललं की एम होते. ही चार ठिकाणं म्हणजे ४८९, १०४००, १४७८३ आणि १५०४३. हे चार आकडे ज्याच्या आईच्या ओळीत आहेत तो एमचा. एवढ्या चार खुणांवर जवळजवळ पन्नास हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि या विद्येतलं मला सगळ्यात थक्क करणारं काही असेल तर ते हेच.

एमच्या लेकींची व्याप्ती लगेच लक्षात आली नव्हती. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे मातृवंश आधी मांडले गेले. त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं मिळाली. सी आणि डी या दोन्ही एमच्याच पोटातल्या आहेत हे नंतर समजलं. आज जपानमध्ये सर्वांत मोठा मातृवंश डीचाच आहे. न्यू गिनीतला क्यू एमचाच. दक्षिण अमेरिकेच्या तळाशी, तिएरा देल फ्वेगो या बेटांवर राहणाऱ्या आणि आता जवळजवळ नाहीशा झालेल्या जमातींच्या सांगाड्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले ए आणि बी वंश त्यांत सापडलेच नाहीत. जे होते ते सी आणि डी. माणूस आफ्रिकेतून निघून जमिनीवरून जिथवर जाऊ शकला त्या शेवटच्या थडीवर एमच्याच लेकी राहत होत्या.

मग एम जन्मली कुठे? या प्रश्नाचं पहिलं उत्तर आलं ते आफ्रिकेच्या बाजूने. आफ्रिकेत एमची एक फांदी सापडते, एम१. ती इथिओपियात आणि आसपास बऱ्यापैकी आहे. १९९९ मध्ये ल्युईस किंताना-मुर्सी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये मांडलं की एम पूर्व आफ्रिकेतच जन्मली, आणि तिथून बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी ओलांडून अरबस्तानमार्गे भारताकडे आली. पटणारी मांडणी होती. इथिओपियात एम आहे, भारतात एम आहे, मधल्या इराण-इराकमध्ये ती फारशी नाही. म्हणजे माणसं इराक-इराणच्या आतल्या वाटेने आली नसणार, समुद्रकिनाऱ्याने आली असणार. आज ती सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे, आणि हिमयुगात समुद्र खाली गेला होता तेव्हा ती आणखी अरुंद होती. शंख-शिंपले, मासे, खेकडे खात किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत आलेल्या टोळ्यांचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. कोकणातल्या माणसाला तर ते फारच ओळखीचं वाटेल.

पण एम१ चे पूर्ण जीनोम वाचले गेले तेव्हा हिशोब उलटा पडला. भारतात एमच्या डझनावारी फांद्या थेट मूळ खोडावरून फुटलेल्या आहेत: एम२, एम३, एम४, एम६ आणि कितीतरी. एखाद्या ठिकाणी वंश जितका जुना तितक्या त्याच्या फांद्या जास्त आणि वेगवेगळ्या असतात. आफ्रिकेत मात्र एम१ ही एकटी फांदी होती, तीही तुलनेने तरुण. २००६ च्या डिसेंबरात इटलीतल्या पाविया विद्यापीठातल्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवलं की एम१ आणि तिच्यासोबत यू६ हा वंश साधारण ४० ते ४५ हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातून आफ्रिकेत परत गेले. म्हणजे एम१ माहेरी परतली होती. आज ती तिथे नांदते म्हणून तिचा जन्मही तिथलाच, हा निष्कर्ष घाईचा होता.

त्याआधी, १३ मे २००५ च्या ‘सायन्स’मध्ये दोन निबंध एकाच अंकात आले आणि किनारपट्टीची कल्पना सिद्धांताच्या पायरीला पोचली. एक निबंध मलेशियातल्या ओरांग असली या आदिवासींवर होता, विन्सेंट मॅकॉले आणि सहकाऱ्यांचा. त्यांच्या मते आशियाची पहिली वसाहत एकाच लाटेत, किनाऱ्याने, झपाट्याने झाली. झपाट्याने म्हणजे वर्षाला ०.७ ते ४ किलोमीटर. हा वेग ऐकून हसू येईल, पण कुणी ‘चला ऑस्ट्रेलियाला’ म्हणून निघालं नव्हतं. एक पिढी एका खाडीवर, पुढची पिढी पुढच्या खाडीवर, असं ते चालणं होतं. दुसरा निबंध थंगराज यांच्या गटाचा, अंदमानवर. ओंगी आणि ग्रेट अंदमानी लोकांचे पूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम त्यांनी वाचले आणि दोन नव्या फांद्या ओळखल्या: एम३१ आणि एम३२. या दोन्ही थेट एमच्या खोडावरून फुटलेल्या आणि तेव्हा मुख्य भूमीवर न सापडलेल्या होत्या. निष्कर्ष असा, की आफ्रिकेतून निघालेल्या पहिल्या लाटेतले लोक ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी बेटांवर पोचले आणि तिथेच वेगळे राहिले.

ही बातमी भारतभर गाजली. ओंगींना कुणी ‘जिवंत जीवाश्म’ म्हणालं, कुणी ‘आदिमानव’. हे शब्द तेव्हाही अन्यायाचे होते. ओंगी माणूस आपल्याइतकाच आजचा माणूस आहे. त्याची भाषा, त्याची होडी, त्याचं जंगलाचं ज्ञान पन्नास हजार वर्षं बदलत आलं आहे. शिवाय निष्कर्ष टिकलाही नाही. २००६ च्या जानेवारीत त्याच ‘सायन्स’मध्ये मल्लिय्या पलानिचामी आणि चिनी सहकाऱ्यांनी कळवलं की पश्चिम बंगालमधल्या राजबंशी समाजात एम३१ ची सख्खी फांदी मिळाली आहे. पुढच्या काही वर्षांत लोधा, चेंचू अशा मुख्य भूमीवरच्या इतर समाजांतही एम३१ चे नातलग सापडले. आता वंशवृक्षाचा अर्थ बदलला. एम३१ आधी मुख्य भूमीवर, बहुधा ईशान्य भारत आणि ब्रह्मदेशाच्या पट्ट्यात फुटली, आणि तिची एक शाखा नंतर अंदमानात गेली. काही अभ्यासकांनी हे जाणं गेल्या २४ हजार वर्षांतलं मानलं. हिमयुगाच्या ऐन थंडीत समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता आणि ब्रह्मदेशाचा किनारा बेटांच्या बराच जवळ आला होता, या गोष्टीशी हे जुळतं.

एम३१ हा वंश मुख्य भूमीवर नाही, असं २००५ मध्ये वाटलं ते राजबंशी, लोधा यांच्यासारखे समाज तोवर नीट तपासले गेले नव्हते म्हणून. माझ्या मते एमच्या इतिहासातली ही सगळ्यात शिकवणारी जागा आहे. ज्यांची कुणी दखल घेत नव्हतं त्या समाजांच्या रक्तात उत्तर होतं. भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये असाच एक धागा ओढून काढला. देशातल्या २६ आदिवासी समाजांतल्या ९६६ पूर्ण मायटोकाँड्रियल जीनोमपैकी सात असे निघाले की ज्यांच्या दोन खुणा ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या एम४२ वंशाशी जुळतात. दोन्हींची समान आजी त्यांनी सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वीची ठरवली. सात माणसं म्हणजे फार थोडी, पण ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या टोळ्यांची वाट भारतातून गेली होती याचा तो मातृवंशातला पुरावा आहे.

एवढं होऊनही एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती: एम पूर्वेची, युरोपात एम नाही. आजच्या युरोपीय माणसांत ती खरोखरच नगण्य आहे. तिथे एनच्या लेकींचं राज्य आहे. यावरून दोन लाटांची मांडणी तयार झाली. एम घेऊन एक लाट आधीच किनाऱ्याने पूर्वेकडे गेली, आणि एन घेऊन दुसरी लाट नंतर उत्तरेकडून युरोपात शिरली.

बेल्जियममध्ये नामूरजवळ गोये नावाच्या गुहा आहेत. एकोणिसाव्या शतकात एदुआर द्युपों याने त्या खणल्या आणि हाडांच्या पेट्या ब्रसेल्सच्या निसर्गविज्ञान संस्थेत गेल्या. २०१६ मध्ये कोसिमो पोस्ट, योहानेस क्राउझे आणि सहकाऱ्यांनी युरोपभरच्या शिकारी-संग्राहक माणसांचे ३५ नवे मायटोकाँड्रियल जीनोम प्रसिद्ध केले. त्यांत गोयेची दोन माणसं आणि फ्रान्समधल्या ला रोशेतचं एक माणूस, साधारण २८ ते ३५ हजार वर्षांपूर्वीची, एम वंशाची निघाली.

युरोपात एम होती. नुसती होती असं नव्हे, हिमयुगाच्या ऐन कडाक्यापूर्वी ती तिथल्या शिकाऱ्यांच्या घरांत नांदत होती. मग सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी बर्फ खाली सरकू लागलं. उत्तरेतली माणसं दक्षिणेच्या आसऱ्याच्या कोपऱ्यांत गोळा झाली, त्यांची संख्या घटली आणि त्या आटलेल्या वस्त्यांत एमच्या ओळी तुटल्या. बर्फ वितळल्यावर युरोप पुन्हा भरला तो मुख्यतः यू वंशाच्या लेकींनी. आजच्या युरोपियनांच्या रक्तावरून काढलेल्या नकाशावर एमचं नावही नाही, कारण ते नाव मरून गेलं होतं. दोन लाटांची गरज आता उरली नाही. एम आणि एन दोन्ही एकाच निर्गमनातून, एकाच वेळी निघाल्या आणि पसरल्या, असं पोस्ट यांच्या गटाने मांडलं. त्यांच्या हिशोबात दोन्हींचं वय ५५ हजार वर्षांच्या अलीकडचं, पन्नास हजारांच्या आसपासचं येतं. किनारपट्टीची वाट त्याने खोटी ठरली नाही, पण एमची ती एकमेव वाट होती असंही म्हणता येईना.

या आकड्याला दुसऱ्या बाजूने पाठिंबा मिळाला. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या माणसांत थोडासा, दोन टक्क्यांच्या आसपास, निअँडरथल अंश आहे. पाटण्याच्या माणसात आहे, पापुआच्याही माणसात आहे. त्या दोघांचे पूर्वज वेगळे होण्याआधी ती सरमिसळ झाली असली पाहिजे. २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी ती सुमारे ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीची ठरवली. म्हणजे आजच्या भारतीयांच्या आया, एमसुद्धा, साधारण त्या काळाच्या पुढेमागेच इथे आल्या असणार.

दगडांचा पुरावा मात्र यावर स्वस्थ बसू देत नाही. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि त्याची राख भारतभर पडली. आंध्रातल्या पूर्वीच्या कर्नूल जिल्ह्यात ज्वालापुरमला ती जाड थराने आहे. मायकल पेट्राग्लिया आणि धारवाडचे रवी कोरीसेट्टर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की राखेच्या खालची आणि वरची दगडी हत्यारं फार वेगळी नाहीत. राख पडली तरी माणूस टिकला, आणि तो माणूस आपल्याच जातीचा असावा, असं त्यांचं म्हणणं. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरीलाही ज्वालामुखीची राख आहे. ती टोबाच्या या शेवटच्या स्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर डेक्कन कॉलेजच्या आणि इतर अभ्यासकांत वर्षानुवर्षं वाद चालला. उत्तर ऑस्ट्रेलियात माजेदबेबेच्या आसऱ्यातल्या वस्तीचं वय २०१७ मध्ये ६५ हजार वर्षं सांगितलं गेलं. हे सगळं एमच्या वयापेक्षा मागे जातं. मग ती माणसं कोण? बहुधा आधी आलेल्या आणि पुढे वंश न उरलेल्या टोळ्या. गोयेच्या एमचं जे झालं ते इथल्या आधीच्या वंशांचं झालं असेल, तर आजच्या आपल्या रक्तात त्यांची खूण शोधून मिळायची नाही.

पुरातत्त्वज्ञ पॉल मेलर्स यांनी पेट्राग्लियांना विरोध केला तो वेगळ्या साहित्याच्या आधाराने, आणि तिथे महाराष्ट्र येतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे श. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्याउभ्या रेघांचं कोरीवकाम असलेलं कवच सापडलं. त्याचं वय सुमारे २५ हजार वर्षं. खानदेशात तेव्हा शहामृग होते आणि त्यांची अंडी फोडून मणी घडवणारे लोक होते. मेलर्स यांना त्या रेघांत आणि लहान पात्यांच्या हत्यारांत आफ्रिकेतल्या नक्षीची आणि कसबाची आठवण दिसली. त्यांच्या मते हेच एमच्या लोकांचं सामान, टोबाच्या नंतर आलेलं. पाटण्याचे मणी आणि आफ्रिकेतलं साहित्य यांच्यात हजारो वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर आहे. तेवढ्या साम्यावर एवढी वाट जोडावी असं मला वाटत नाही. पण पाटण्याचे ते मणी कुणाच्या गळ्यात होते हा प्रश्न आपल्या मातीतला आहे, आणि त्याची मला खरी ओढ आहे.

या आईच्या धाग्याची एक मर्यादा इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे आपल्याकडे बराच गोंधळ झाला. दहा पिढ्या मागे गेलं की आपल्याला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. मायटोकाँड्रियल डीएनए त्यांतल्या एका स्त्रीचं सांगतो, बाकीच्या १,०२३ जणांबद्दल मूक राहतो. भारतातले मातृवंश बहुतेक जुने आणि इथलेच, म्हणून गेल्या चार-पाच हजार वर्षांत बाहेरून कुणी आलंच नाही, असा दावा काही काळ जोरात होता. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राने आणि २०१९ मधल्या ५२३ प्राचीन माणसांच्या अभ्यासाने वेगळं सांगितलं: इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान गवताळ स्टेपी प्रदेशातून लोक आले, आणि त्यांच्यातल्या पुरुषांची छाप स्त्रियांपेक्षा जास्त उमटली. आया इथल्याच राहिल्या, बापांमध्ये नवे मिसळले. दोन्ही पुरावे खरे आहेत. एकाच धाग्यावरून अख्खं वस्त्र ओळखण्याची घाई चुकीची होती.

त्याच वर्षी राखीगढीच्या एका स्त्रीचा जीनोम प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी ते उत्खनन केलं होतं. बऱ्याच सांगाड्यांतून प्रयत्न झाले, त्यांतल्या तिच्याच हाडाने वाचण्याइतका डीएनए दिला. तिचा मातृवंश यू२बी२ निघाला, म्हणजे एनच्या बाजूचा, एमचा नव्हे. तिच्या पूर्वजांचा एक हिस्सा प्राचीन इराणी लोकांशी नातं सांगणारा होता आणि दुसरा भारतातल्या जुन्या शिकारी लोकांचा, ज्यांचे दूरचे नातलग आज अंदमानात आहेत. हडप्पा संस्कृतीच्या काळातली, म्हणजे साडेचार हजार वर्षांच्या आसपासची ही बाई. एमच्या भारतातल्या पहिल्या घरांपर्यंत पोचायला तिच्या मागे आणखी चाळीस-पंचेचाळीस हजार वर्षं आहेत, आणि त्या काळातलं एकही माणूस भारतात अजून वाचलं गेलेलं नाही. एम२ किती जुनी, एम३ कुठे फुटली, हे सगळं आपण हयात माणसांच्या रक्तावरून सांगतो. युरोपातही २०१६ पर्यंत तेच करत होते.

अडचण उन्हाची आहे. उष्ण आणि दमट हवेत डीएनए झपाट्याने तुटतो. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीत तो टिकतो तसा तो गोदावरीच्या खोऱ्यात टिकत नाही. पण २०१७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. युरोप आणि सायबेरियातल्या गुहांच्या नुसत्या मातीतून, एकही हाड नसताना, निअँडरथल आणि डेनिसोव्हन माणसांचा मायटोकाँड्रियल डीएनए काढण्यात आला. आणि सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी राजस्थानात सापडलेल्या, किमान २५ हजार वर्षं जुन्या शहामृगाच्या अंड्याच्या कवचातून त्या पक्ष्याचा मायटोकाँड्रियल डीएनए वाचला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाचा जवळचा नातलग निघाला. पाटण्याच्या माणसांनी मणी केले ते अशाच कवचांचे, त्याच सुमाराच्या काळातले. म्हणजे भारताच्या उन्हातही, योग्य वस्तूच्या आत, आईकडून आलेली नोंद २५ हजार वर्षं टिकू शकते. शहामृगाची टिकली आहे. माणसाचीही कुठेतरी टिकली असेल, आणि ती शोधायची तर सुरुवात पाटणे आणि कर्नूलच्या गुहांच्या मातीपासून करायला हवी.